अलाइनमेंट आपल्या आकड्यांवर करून घेताना

अलाइनमेंट म्हणजे चाकांचे कोन जुळवणं. आधी गाडीत त्यातलं काय बदलता येतं ते समजून घ्या. बहुतेक छोट्या गाड्यांत पुढचा फक्त टो (वरून पाहता चाकं आत किंवा बाहेर वळलेली असणं) बदलता येतो. कॅम्बर (समोरून पाहता चाकाचा झुकाव; वरची कड आत झुकली की उणा) बदलायचा असेल तर कॅम्बर बोल्ट वेगळे बसवावे लागतात, आणि मागे टॉर्शन बीम (दोन्ही मागची चाकं जोडणारा आडवा दांडा) असेल तर तिथे करण्यासारखं फारसं काही नसतं.

दुकानात "जरा ग्रिप वाढवा" म्हणू नका. आकडे कागदावर लिहून द्या: पुढचा कॅम्बर दोन्हीकडे उणे १ अंश, एकूण टो शून्य. अंश की मिनिटं तेही लिहा. ६० मिनिटांचा एक अंश. आकडा कंपनीच्या मर्यादेत आला की मशीनवर हिरवं दिसतं आणि कारागीर थांबतो, पण हिरवा पट्टा रुंद असतो. तुम्हाला त्यातला नेमका आकडा हवाय. कॅम्बर आधी, टो शेवटी. उलट केलं तर कॅम्बर हलवताना टो पुन्हा बिघडतो.

आंबा किंवा फोंडा घाटाची वळणं रोजची असतील तर उणा कॅम्बर उपयोगी. नुसती सरळ रस्त्यावरची ये-जा असेल, तर टायरची आतली कड उगाच झिजेल. कंपनीचेच आकडे ठेवा.

किनाऱ्यावर खरी अडचण गंजाची. टायरॉड म्हणजे टो बदलण्यासाठी फिरवायचा स्टिअरिंगचा दांडा; खाऱ्या हवेने त्याचा लॉकनट (तो जागेवर धरणारा नट) गंजून घट्ट बसतो. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारा, नाहीतर जोर लावताना आटे जातात. बॉल जॉइंट, बुश (सस्पेन्शनचे सांधे आणि रबर) ढिले असतील तर आधी ते बदला, टायरची हवा सारखी करा. आधीची आणि नंतरची, दोन्ही प्रिंट मागून घ्या.