दूध तोडलेल्या वराह-पिल्लांना प्रथिने देताना

तीन-चार आठवड्यांत दूध तोडलेल्या पिल्लाचे पोट अजून दुधालाच सरावलेले असते, त्यामुळे एकदम भरपूर सोयापेंड दिल्यास न पचलेले प्रथिन मोठ्या आतड्यात कुजते, जंतू वाढतात आणि हगवण लागते. म्हणून पहिले दहा-बारा दिवस व्हे पावडर (पनीर-चीज करताना उरणाऱ्या पाण्याची भुकटी), चांगल्या प्रतीची मासळीची भुकटी किंवा वाळवलेला रक्तद्रव (प्लाझ्मा) यांवर भर द्यावा आणि सोयापेंड टप्प्याटप्प्याने वाढवावी. कच्चे सोयाबीन मात्र कधीही देऊ नये, कारण त्यातील ट्रिप्सिनरोधक घटक पचनच अडवतात. नवखे पालक प्रथिनाची टक्केवारीच पाहतात. माझ्या मते लायसिन, म्हणजे प्रथिनातील एक आवश्यक अमिनो आम्ल, अधिक महत्त्वाचे आहे. ते पुरेसे असेल, तर एकूण प्रथिन १८ ते २० टक्क्यांवर ठेवता येते आणि पोटही सांभाळले जाते. मासळीच्या भुकटीतील मीठ अवश्य तपासून घ्यावे.