फोनमधल्या नोंदी आणि एका आईचे न विचारलेले उत्तर

गेल्या काही वर्षांत नव्या आयांकडून एक प्रश्न मी इतक्या वेळा ऐकला आहे की, तो अर्धा उच्चारला जाताच पुढचा अर्धा मला कळतो. ‘‘मॅडम, ॲपमध्ये दाखवतात तसं माझ्या बाळाचं काहीच होत नाही. माझं काही चुकतंय का?’’ कधी झोपेचे तास कमी भरतात, कधी वजनाचा ठिपका आलेखाच्या मधल्या रेषेखाली राहतो, तर कधी ‘या आठवड्यात तुमचे बाळ हसू लागेल’ अशी सूचना येते आणि बाळ मात्र गंभीर चेहऱ्याने छताकडे पाहत राहते. विचारणाऱ्या बहुतेक जणी जीव ओतून बाळाचे करणाऱ्या असतात. त्यांना धीर देण्याइतकेच, ही साधने कशासाठी वापरावीत आणि कधी बाजूला ठेवावीत हे सांगणेही मला माझे काम वाटते. म्हणून एका आईची हकिकत, तिची ओळख पटणार नाही अशा बेताने, येथे मांडते.

ती पहिल्यांदा आली तेव्हा बाळ सात आठवड्यांचे होते. मांडीवर बाळ, उजव्या हातात फोन आणि फोनमध्ये बाळासाठीची पाच ॲप. मी काही विचारण्याआधीच तिने दूध पाजण्याच्या नोंदी माझ्यासमोर धरल्या. प्रत्येक वेळ, डावी बाजू की उजवी, किती मिनिटे, सारे लिहिलेले होते. ‘रात्री २ वाजून १४ मिनिटे, डावी बाजू, ११ मिनिटे’ ही ओळ मला अजून आठवते. सात आठवड्यांत एकही नोंद सुटलेली नव्हती. ‘‘तुम्ही स्वतः सलग अशा शेवटच्या कधी झोपलात?’’ असे मी विचारले, तेव्हा ती उत्तरासाठी सवयीने फोनमध्येच शोधू लागली आणि मग थबकून म्हणाली, ‘‘ते यात नसतं.’’

सुरुवातीच्या दोन-तीन भेटी आम्ही आकड्यांवरच घालवल्या, कारण तिची भीती आकड्यांच्या भाषेत बोलत होती. ॲपमधल्या वाढीच्या आलेखात बाळ पंधराव्या शततमकावर होते आणि तिने ते परीक्षेतल्या शंभरपैकी पंधरा गुणांसारखे वाचले होते. प्रत्यक्षात त्याचा अर्थ एवढाच की, त्याच वयाच्या शंभर निरोगी बाळांना वजनानुसार ओळीत उभे केले, तर साधारण पंधरा बाळे त्याच्यापेक्षा हलकी असतील. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये प्रसिद्ध केलेले हे आलेख ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या सहा देशांतल्या सुमारे साडेआठ हजार निरोगी मुलांच्या मोजमापांवर आधारलेले आहेत. या निरोगी मुलांतही कोणी तिसऱ्या शततमकाच्या रेषेजवळ होते, कोणी सत्त्याण्णवाव्या. डॉक्टर पाहतात ते बाळ आपल्या रेषेच्या आसपास वाढत राहते की रेषा ओलांडत खाली घसरते, हे. आलेख काढणारे ॲप त्यासाठी उपयोगी आहेच. मात्र ठिपके डॉक्टरांकडच्या वजनकाट्यावर घेतलेल्या मापांचे असावेत आणि दोन मापांमध्ये पुरेसे अंतर असावे. घरच्या काट्यावर रोज वजन करणाऱ्या आईला बाळाच्या वाढीऐवजी बहुधा दूध आणि शी-शू यांमुळे होणारे चढउतार दिसतात.

हे सगळे तिला पटत होते. ती मान डोलवायची, एखाद-दुसरी गोष्ट लिहूनही घ्यायची आणि पुढच्या भेटीत तितक्याच काटेकोर नोंदी घेऊन यायची. माणसाला पटलेली गोष्ट जेव्हा त्याच्या हातून होत नाही, तेव्हा त्याच्या वागण्यामागे काही कारण दडलेले असते, असे मी माझ्या शिक्षकांकडून शिकले आहे. ते कारण मला चौथ्या भेटीपर्यंत दिसले नव्हते.

त्या दिवशी आम्ही बोलत असताना बाळ जागे झाले. आधी त्याने मूठ तोंडाशी नेली, मग मान आईच्या बाजूला वळवून, तोंड उघडून ते काहीतरी शोधू लागले. तिने फोनकडे पाहिले. ‘‘अजून चाळीस मिनिटं आहेत,’’ असे म्हणून ती त्याला थोपटू लागली. बाळ चुळबुळू लागले, जिभेचा चटचट आवाज करू लागले. मी विचारले, ‘‘फोन एक मिनिट पालथा ठेवाल? आणि फक्त त्याच्याकडे बघाल?’’

तिने फोन ठेवला. खोलीत काही क्षण कोणीच बोलले नाही.

‘‘काय म्हणतोय तो?’’

‘‘भूक लागलीय त्याला.’’

‘‘कशावरून?’’

‘‘तो असंच करतो. आधी मूठ, मग मान वळवतो. अजून थोडा उशीर झाला की रडेल. झोप आलेली असली तर मूठ तोंडात नाही घालत, कान ओढतो.’’ आपण हे किती सहज सांगून गेलो, हे तिच्या लक्षात आले असावे, कारण ती एकदम गप्प झाली. तिने बाळाला पदराआड घेतले. ते दूध पिऊ लागले आणि ती रडू लागली.

मग तिने जन्मानंतरच्या तिसऱ्या दिवसाबद्दल सांगितले. बाळाचे वजन उतरले होते. एका परिचारिकेने विचारले, ‘‘कालपासून किती वेळा पाजलंत?’’ तिला आठवेना. दोन रात्री डोळ्याला डोळा न लागलेल्या बाईला ते आठवणार तरी कसे? ‘‘आईलाच माहीत नाही?’’ असे म्हणून परिचारिका वळली आणि थोड्या वेळाने बाळाला वरचे दूध पाजले गेले. त्याच संध्याकाळी तिने पहिले ॲप उतरवून घेतले. ‘‘मॅडम, पुन्हा कोणी विचारलं तर मला सांगता यायला हवं ना.’’

तोवर मी तिच्या नोंदींकडे एक जडलेली सवय म्हणून पाहत होते आणि ती कशी सोडवावी याचा विचार करत होते. त्या क्षणी मला कळले की, इतके आठवडे ती एकाच प्रश्नाचे उत्तर तयार ठेवत होती आणि तो प्रश्न पुन्हा कोणी विचारलेलाच नव्हता. इतक्या वर्षांच्या कामात असे क्षण मोजकेच आले आहेत आणि ते मी जपून ठेवले आहेत. मी तिला सांगितले की, पहिल्या काही दिवसांत नवजात बाळाचे वजन सात ते दहा टक्क्यांपर्यंत उतरणे नेहमी दिसणारी गोष्ट आहे आणि बहुतेक बाळे दोन आठवड्यांच्या सुमारास जन्मवजनावर परत येतात. तिचेही बाळ बाराव्या दिवशी परत आले होते. ती नोंद तिच्याच फोनमध्ये होती. ‘किती वेळा पाजले’ हा प्रश्न रास्त होता. त्याच्या मागोमाग आलेले वाक्य तिला जखम करून गेले होते.

डोनाल्ड विनिकॉट हे ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक ‘पुरेशा चांगल्या आई’विषयी बोलत, आणि माझा कल पहिल्यापासून त्यांच्या विचाराकडे आहे. जी बाळाचे इशारे बहुतेक वेळा ओळखते, कधी चुकते आणि चूक उमगल्यावर सावरते, त्या आईच्या हाताखाली बाळ नीट वाढते. ओळखण्याची ही शक्ती बाळाकडे पाहूनच तयार होते. एखादे ॲप निवडताना मी म्हणूनच हे पाहायला सांगते की, त्यामुळे बाळाकडे पाहायला अधिक वेळ मिळतो की कमी.

या कसोटीवर दूध आणि लंगोट यांच्या नोंदींचे ॲप पहिल्या आठवड्यांत खरोखर मदतीचे ठरते. या काळात बाळाला चोवीस तासांत साधारण ८ ते १२ वेळा पाजावे लागते आणि पहिल्या पाच-सहा दिवसांनंतर रोज सहा किंवा अधिक ओले लंगोट हे दूध पोटात जात असल्याचे चांगले लक्षण असते. थकलेल्या डोक्याने हे लक्षात ठेवण्यापेक्षा फोनने ठेवलेले बरे. बाळ जन्मवजनावर आले, पुढे वाढू लागले आणि डॉक्टर समाधानी असले की, त्यांना विचारून या नोंदी बंद कराव्यात. बंद करण्याची तारीख आधीच ठरवलेली असेल तर ते सोपे जाते. बाळ अकाली जन्मलेले असेल किंवा वजन नीट वाढत नसेल, तर डॉक्टर सांगतील तोवर नोंदी चालू राहू द्याव्यात.

विकासाचे टप्पे दाखवणाऱ्या ॲपबद्दल मी अधिक सावध असते. जागतिक आरोग्य संघटनेच्याच अभ्यासात निरोगी मुले आधाराशिवाय चालू लागण्याचा काळ ८.२ ते १७.६ महिने असा आढळला, म्हणजे नऊ महिन्यांहून मोठी फट. त्यामुळे ‘या आठवड्यात बाळ अमुक करेल’ असे सांगणाऱ्या सूचना खुशाल बंद कराव्यात. अमेरिकेतील रोग नियंत्रण आणि प्रतिबंध केंद्राचे ‘माइलस्टोन ट्रॅकर’ दोन महिने ते पाच वर्षे या वयासाठी आहे आणि त्यातले टप्पे २०२२ पासून, त्या वयाची निदान ७५ टक्के मुले जे करतात त्यावर बेतलेले आहेत. अशी यादी डॉक्टरांना काय विचारायचे ते ठरवायला उपयोगी पडते. अकाली जन्मलेल्या बाळाचे वय मात्र अपेक्षित प्रसूतीच्या तारखेपासून मोजावे, नाहीतर ॲप विनाकारण त्याला मागे टाकते.

झोपेसाठी एकसुरी आवाज लावणाऱ्या ॲपबाबत एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. फोन बाळाच्या उशाशी ठेवू नये. २०१४ मध्ये असे आवाज करणारी १४ यंत्रे तपासली गेली, तेव्हा त्यांतल्या तीन यंत्रांचा आवाज जवळून ८५ डेसिबलच्या वर गेला होता. फोन निदान दोन मीटर दूर, आवाज अगदी मंद, आणि बाळ झोपले की बंद. श्वास मोजून इशारा देणाऱ्या उपकरणांमुळे झोपेतल्या आकस्मिक मृत्यूचा धोका कमी होतो, असे सिद्ध झालेले नाही. बाळाला पाठीवर, सपाट आणि मोकळ्या जागी निजवणे हीच खात्रीची काळजी आहे. तीन महिन्यांखालच्या बाळाचा ताप ३८ अंश सेल्सिअस किंवा त्याहून अधिक असेल, तर कोणत्याही ॲपला न विचारता थेट डॉक्टरांकडे जावे.

आणि जी गोष्ट त्या पाच ॲपमध्ये नव्हती, ती म्हणजे आईची स्वतःची नोंद. १९८७ साली तयार झालेल्या एडिनबर्ग प्रश्नावलीत गेल्या सात दिवसांतल्या मनःस्थितीविषयी दहा प्रश्न आहेत आणि काही ॲपमधून ती भरता येते. तिच्यावरून निदान होत नाही, पण ‘मला बरे वाटत नाही’ हे बोलायला तोंड फुटते. प्रसूतीनंतरची रडू येण्याची अवस्था बहुधा दोन आठवड्यांत ओसरते. त्यापुढेही उदासी, धास्ती किंवा बाळ झोपलेले असतानाही झोप न येणे चालू राहिले, तर मदत घ्यावी. स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचा विचार मनात आला, तर त्याच दिवशी.

आम्ही पाचपैकी तीन ॲप काढून टाकली. उरलेल्या दोघांपैकी एक वाढीच्या आलेखाचे, तेही फक्त डॉक्टरांकडे जाण्याच्या दिवसापुरते. दुसरे नवरा-बायको दोघांच्या फोनवर एकाच वेळी दिसणारे नोंदींचे, ज्यात लसीच्या तारखा आणि औषधाच्या वेळा होत्या. नवऱ्याने त्यात लिहावे, हा आग्रह माझा होता, कारण तोवर ‘आईलाच माहीत असते’ या समजुतीचे ओझे तिच्या एकटीवर होते.

शेवटच्या भेटीत तिने फोन पिशवीतून स्वतःहून एकदाच काढला, तो आदल्या रात्रीची नवऱ्याची नोंद दाखवायला. त्यात लिहिले होते: ‘३.४०, काढून ठेवलेलं दूध पाजलं. लंगोट बदलला. आई साडेअकरापासून झोपलेली आहे, उठवलेलं नाही.’