दादागिरीविरोधी सभेचा प्राथमिकच्या मुलांवर खरंच परिणाम होतो का?

एकट्या सभेचा फारसा नाही. मुलांना दादागिरी म्हणजे काय ते कळतं, काही दिवस तक्रारी वाढू शकतात (हे चांगलंच लक्षण), पण वागणं तेवढ्याने बदलत नाही. फिनलंडच्या शाळांमधल्या 'किवा' या दादागिरीविरोधी कार्यक्रमात म्हणूनच वर्षभर वर्गात धडे असतात.

सभेत नाटुकलं केलं, तर त्यात चिडवणाराच भाव खाऊन जातो आणि मधल्या सुट्टीत तेच टोपणनाव सुरू होतं. त्यामुळे प्रसंग मदतीला धावणाऱ्यावर बेता. सभा 20 मिनिटांत आटपा. त्याच आठवड्यात वर्गात जोड्या करून एकच वाक्य घोटून घ्या: "चल, आमच्यात खेळायला ये." बघ्या मुलांना एवढं जमतं, दादाला अडवणं नाही. तक्रार कोणाकडे करायची, ते नावानिशी सांगा. जिन्यात, स्वच्छतागृहाबाहेर सुट्टीत मोठं माणूस हवंच.