मिडिगामाला दहा दिवस: कुठली लाट कधी

गोव्यात अश्वेमच्या किनाऱ्यावर सर्फिंगचे चार धडे झालेत, बोर्डवर उभं राहता येतं, डिसेंबरात दहा दिवसांची सुट्टी आहे आणि श्रीलंकेत शांत किनारा हवाय. दक्षिण किनाऱ्यावरची दोन गावं, वेलिगामा की मिडिगामा, असं तुम्ही विचारलंय. मी अडतिसाव्या वर्षी शिकायला सुरुवात केली आणि तीन हिवाळे त्याच पट्ट्यात काढले, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

राहा मिडिगामालाच. पण पहिले तीन दिवस रोज सकाळी टुकटुक करून वेलिगामाला जा. अंतर पाचेक किलोमीटर. सिंहलीत वेलि म्हणजे वाळू आणि गम म्हणजे गाव; नावातच सगळं आलं. तळाशी वाळू, त्यामुळे पडलात तरी काही बिघडत नाही. गर्दी भरपूर आणि निम्मे लोक तुमच्याच इयत्तेतले. किनारा म्हणून मला तो मुळीच आवडत नाही, पण अश्वेमची सवय परत अंगात यायला दुसरी जागा नाही.

डिसेंबर का चांगला, तेही सांगते. श्रीलंकेच्या दक्षिण टोकासमोर थेट अंटार्क्टिकापर्यंत जमीन नाही. तिकडच्या वादळांनी उठलेल्या लाटा हजारो किलोमीटर येऊन इथे फुटतात. त्याच दिवसांत ईशान्येचा मोसमी वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहतो. शाळेतले मतलई वारे आणि खारे वारे आठवा. सकाळचा मतलई वारा येणाऱ्या लाटेला समोरून थोपवून धरतो, म्हणून ती उशिरा आणि नीट फुटते. पाणी इस्त्री केल्यासारखं दिसतं. दहा-अकराला खारा वारा सुटला की सगळं चुरगळतं. तेव्हा सहाला पाण्यात, नऊला बाहेर. मे ते सप्टेंबर या किनाऱ्यावर जाऊ नका, तेव्हा लोक पूर्वेला अरुगम बेला जातात.

आता मिडिगामा. चालत फिरता येईल एवढ्या किनाऱ्यावर चार-पाच वेगवेगळ्या जागी लाटा फुटतात आणि एकीचा स्वभाव दुसरीसारखा नाही. तुमच्यासाठी लेझी लेफ्ट. नावाप्रमाणे आळशी, लांब, बोर्डवर उभं राहिल्यावर विचार करायलाही वेळ देणारी. लेफ्ट-राइट म्हणजे लाट कुठल्या बाजूला फुटत जाते ते; ही डावी-उजवी लाटेवर असलेल्याच्या बाजूने मोजतात, किनाऱ्यावरून बघणाऱ्याच्या नाही. माझा पहिला आठवडा याच गोंधळात गेला. तिच्याजवळच लेझी राइट आहे, ती चौथ्या-पाचव्या दिवशी करून बघा. कोकोनट्स आणि प्लँटेशन्स या लाटा पुढच्या खेपेला. राम्स नावाच्या लाटेला फक्त बघायला जा. तिथे उथळ खडकावर लाट एकदम उभी राहते आणि पोकळ होऊन कोसळते. किनाऱ्यावर शहाळं घेऊन तासभर बसा, पैसे वसूल.

या सगळ्या जागांना तळाशी खडक आणि प्रवाळ आहे, हे अश्वेमवरून येणाऱ्याला पटकन उमगत नाही. भरती-ओहोटीतला फरक जेमतेम एक मीटरच्या आत. मुंबईत उधाणाला पाणी साडेचार मीटरच्या वर जातं, त्यापुढे हे काहीच नाही. पण पाणी मुळातच कमरेएवढं असेल तिथे फूटभरानेही फरक पडतो. पहिल्या वर्षी लेझी लेफ्टवर मला छान लांब लाट मिळाली. शेवटी मी खुशीत बोर्डवरून सरळ उडी मारली, पाय खाली. टाचेत नऊ काटे. खडकाच्या फटींत सी अर्चिन, म्हणजे काळे काटेरी गोळ्यासारखे प्राणी, बसलेले असतात, त्यातल्या एकावर उतरले होते. घरमालकीणबाईंनी टाच व्हिनेगरमध्ये बुडवायला लावली आणि वरवरचे काटे सुईने काढले. बाकीचे महिनाभराने आपोआप गेले. तीन दिवस मी व्हरांड्यात बसून दुसऱ्यांच्या लाटा मोजत होते. तेव्हा पडायचं ते आडवं, पाठीवर, अंग पसरून. पाय खाली टाकायचाच नाही.

त्या तीन दिवसांत एक गोष्ट मात्र शिकले. मोठ्या लाटा घोळक्याने येतात, मग काही मिनिटं पाणी निवांत. स्थानिक पोरं त्या निवांत वेळात, बाजूच्या खोल पाण्याच्या वाटेने, केसही न भिजवता आत जातात. मी आधी फुटणाऱ्या फेसातून सरळ मुसंडी मारायचे आणि आत पोचेपर्यंत खांदे गळून जायचे. म्हणून रोज वीस मिनिटं आधी बसून बघा: लोक कुठून आत जातात, कुठून बाहेर येतात.

रांगेचा नियम अश्वेमला कुणी सांगितला नसेल तर लक्षात ठेवा: लाट फुटायला लागते त्या टोकाच्या सर्वांत जवळ जो असेल, लाट त्याची. दुसऱ्याच्या लाटेत घुसायचं नाही आणि घाबरून बोर्ड सोडून द्यायचा नाही, मागे कुणाचं तरी डोकं असतं.

शांततेबद्दल खरं सांगायचं तर गॉल-मातारा रस्ता किनाऱ्याला अगदी खेटून जातो आणि खाजगी बसवाले हॉर्नवरचा हात काढत नाहीत. रस्त्यापासून आत, रेल्वे रुळांच्या पलीकडे खोली घ्या. तिथे मोर ओरडतात तेवढंच. लेझी लेफ्टवर आठनंतर बरीच गर्दी होते. पोया म्हणजे पौर्णिमेला सरकारी सुट्टी, त्या दिवशी सहकुटुंब मंडळी समुद्रावर येतात आणि दारू कुठे विकत मिळत नाही.

बोर्ड इथून नेऊ नका, विमानात त्याचे हाल होतात. तिथे भाड्याने आठ फुटी मऊ बोर्ड घ्या आणि दुकानातून निघण्याआधी लीशचं, म्हणजे बोर्ड पायाला बांधणाऱ्या दोरीचं, वेल्क्रो दोनदा ओढून बघा. पाणी कोमट असतं, पूर्ण बाह्यांचा रॅशगार्ड, म्हणजे पाण्यात घालायचा घट्ट टी-शर्ट, पुरे. कोलंबो फोर्ट स्टेशनहून वेलिगामाची रेल्वेगाडी पकडलीत तर उजव्या हाताची खिडकी धरा, बराच वेळ समुद्र सोबत असतो.