घंटी वाजवूनही नदीकाठच्या रस्त्यावर लोक बाजूला होत नाहीत. चूक कोणाची?

तुम्ही विचारलंय की गावातल्या नदीकाठच्या बांधावर आता पेव्हर बसवून रस्ता झालाय, तुम्ही रोज सकाळी तिथे सायकल चालवता, लांबून घंटी देता, तरी चालणारी माणसं हलत नाहीत आणि वर भांडतात. मग चूक कोणाची, आणि सायकलसाठी वेगळा पट्टा आखून मागावा का?

मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या शास्त्री नदीच्या खाडीकाठी राहतो. गावाचं नाव लिहीत नाही, कारण वाडी लहान आहे आणि पुढे ज्या काकींबद्दल लिहिणार आहे त्यांना लोक लगेच ओळखतील. गेली नऊ वर्षं मी सकाळी खारबंदिस्तीच्या, म्हणजे शेतात खारं पाणी येऊ नये म्हणून घातलेल्या, बांधावरून सायकल चालवतोय. तुमच्यासारखीच माझीही तक्रार होती, अगदी शब्दाला शब्द. माझं मत एका सकाळी बदललं, म्हणून ती सकाळ आधी सांगतो.

मार्गशीर्ष पौर्णिमेचा दुसरा दिवस होता. साडेसात वाजले असतील. बांधाच्या एका अंगाला तिवरं, म्हणजे खाडीतलं कांदळवन, दुसऱ्या अंगाला भातकापणी झालेलं खाजण, म्हणजे खाडीकाठची शेतजमीन, आणि मधून मी बऱ्यापैकी वेगात येत होतो. पुढे एक काकी चालत होत्या. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर कालवांची पाटी, पाटीतून खारं पाणी गळून त्यांचा खांदा भिजलेला. मी वीसेक पावलांवरून घंटी दिली. त्या थोड्या डावीकडे सरकल्या. मी उजवीकडून काढायला गेलो, तेवढ्यात त्यांना काय वाटलं कोण जाणे, त्या उजवीकडे आल्या. माझ्या हँडलचं टोक त्यांच्या कोपराला लागलं. पाटी कलंडली आणि सगळी कालवं बांधाच्या उतारावरून खाली चिखलात गेली.

त्या ओरडल्या नाहीत. कोपर चोळत उभ्या राहिल्या आणि एवढंच म्हणाल्या, "बाबा, पाठीला डोलं नायत माज्या. तू कुठल्या अंगान् येतंस ता माका कसा कळायचा?"

मी उतारावर उतरून कालवं वेचली. निम्मीच सापडली. पैसे दिले, त्यांनी घेतले, आणि घ्यायलाच हवे होते, कारण त्या पहाटे चारला उठून गेल्या होत्या आणि तो त्यांचा दिवसाचा रोजगार होता. घरी येऊन मी दोन दिवस सायकल बाहेर काढली नाही.

त्यांच्या त्या एका वाक्यात तुमच्या प्रश्नाचं बरंचसं उत्तर आहे. घंटी फक्त एवढंच सांगते की मागून काहीतरी येतंय. कुठल्या बाजूने येतंय, किती वेगात येतंय, एक आहे की तीन आहेत, हे ती सांगत नाही. आपल्याला वाटतं आपण सूचना दिली. पुढच्या माणसाला मात्र ती "हट" अशी ऐकू येते, आणि कुठे हटायचं ते कळत नाही. दोघं गप्पा मारत चालली असतील तर घंटी ऐकून एक डावीकडे जातो, एक उजवीकडे, मग दोघं एकमेकांकडे बघून परत मध्ये येतात. हे तुम्हीही पाहिलं असेल. तो त्यांचा आडमुठेपणा नाही, दचकलेला माणूस असाच वागतो. आणि डोक्यावर पाटी असलेल्या बाईला मान वळवताच येत नाही. मागे बघायचं तर तिला पाय रोवून सगळं अंग फिरवावं लागतं.

आता हिशोब करून बघा. ताशी १८ किलोमीटरने चाललेली सायकल सेकंदाला ५ मीटर जाते. ओझं घेऊन चालणारी बाई सेकंदाला एक मीटर. म्हणजे वीस पावलांचं अंतर, साधारण १५ मीटर, चार सेकंदांच्या आत संपतं. त्या चार सेकंदांत तिने घंटी ऐकायची, बाजू ठरवायची, ओझं सांभाळत सरकायचं. तेच तुम्ही वेग ताशी ८ किलोमीटरवर आणलात तर तिला बारा सेकंद मिळतात. आणि एवढं करून धक्का लागलाच, तरी वेग अर्धा केला की धडकेचा जोर चौथाईवर येतो. पावसाळ्यात तर विचारूच नका. रिमला घासणारे ब्रेक भिजले की पकड उशिरा घेतात, आणि जांभ्यावर नाहीतर पेव्हरवर शेवाळ धरलं असेल तर ब्रेक लागूनही चाक घसरतं. जून ते सप्टेंबर मी बांधावर चालणाऱ्या माणसाजवळ आलो की सरळ खाली उतरतो.

बाकीच्या वेळी मी आता घंटी वाजवत नाही, बोलतो. वेग आधी कमी करतो, मग हाक देतो: "काकी, उजवीकडून जातोय हां." "भाऊ, तुम्ही चाला, मी कडेने काढतो." माणसाच्या आवाजातून बाजूही कळते, अंतरही कळतं, आणि येणारा आपला आहे हेही कळतं. त्या काकी आता मागे न वळताच डावा हात थोडा वर करतात, म्हणजे ये. ज्यांच्या कानात इयरफोन आहेत त्यांच्या मागे मात्र थांबून जागा बघावी लागते. तिथे मीही चिडतो, खोटं कशाला सांगू.

तुमच्या गावात पाववाला सायकलवर येत असेलच. आमच्याकडे त्याच बांधावरून येतो, मागे भलीमोठी टोपली, हँडलला रबरी फुग्याचा पोंगा, आणि तो तर आपल्यापेक्षा दसपट आवाज करतो. त्याच्याशी कोणी भांडल्याचं मी आजवर ऐकलं नाही. तो माणसामागून माणसाच्याच चालीने येतो, नाव घेऊन बोलतो, गर्दी दिसली की पाय टेकतो. त्याला घाई नसते असं नाही, पाव गरम असतानाच पोचवायचे असतात. तरी त्याने त्या रस्त्यावरच्या माणसांना कधी अडथळा मानलं नाही. आपण सकाळच्या व्यायामाला निघालेलो, घड्याळात सरासरी वेग बघत, आपण मानतो. मला हे स्वतःबद्दल कबूल करायला वेळ लागला.

अजून एक गोष्ट आहे, जी शहरातून आलेल्या सल्ल्यांत सापडणार नाही. तुमच्या नदीत भरतीचं पाणी येत असेल तर भांडणं ठरावीक दिवशी जास्त होतात का ते बघा. जुनी माणसं भरतीची वेळ तिथीवरून काढतात: तिथीला पाऊणने गुणायचं, जो आकडा येईल तितक्या वाजता पूर्ण भरती. अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. खाडीत जितकं आत जाल तितका थोडा उशीर धरायचा. भरतीच्या सव्वासहा तास आधी-नंतर सुकती, म्हणजे पूर्ण ओहोटी. म्हणजे पौर्णिमा-अमावास्येपासून तृतीयेपर्यंत सुकती पहाटे पाच ते सकाळी आठच्या दरम्यान येते, आणि तीच उधाणाची असल्यामुळे पाणी सगळ्यात खाली जातं. कालवं आणि मुळे, तिसऱ्या अशा शिंपल्या काढायला अख्ख्या वाडीच्या बायका त्याच वेळी उतरतात, आणि ओझी घेऊन परततात ती नेमकी आपल्या सायकलीच्या वेळेला. अष्टमीच्या आसपास, भांगाच्या म्हणजे भरती-ओहोटीचा जोर कमी असलेल्या दिवसांत, सुकती दुपारी बाराच्या सुमारास असते आणि सकाळी बांध मोकळा. मी दोन महिने कॅलेंडरवर खुणा केल्या तेव्हा माझ्या लक्षात आलं. म्हणून "सकाळी सहा ते सात सायकली, नंतर चालणारे" असं वेळापत्रक लावायचा प्रस्ताव कोणी मांडला तर त्याला विरोध करा. भरती-ओहोटी रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. ती घड्याळाच्या पाटीला बांधली जात नाही, आणि वेळ बदलून चालेल असा त्या बायकांचा धंदा नाही. उधाणाच्या त्या तीन-चार दिवशी मी डांबरी रस्त्याने जातो. चढ लागतो, पण जातो.

वेगळ्या पट्ट्याबद्दल. आमचा बांध मी टेपने मोजला, माथ्यावर २.४० मीटर भरला. भारतीय रोड काँग्रेसच्या मानकांप्रमाणे नुसत्या पदपथालाच किमान १.८० मीटर मोकळी रुंदी लागते. उरले साठ सेंटिमीटर, म्हणजे फक्त माझ्या हँडलची रुंदी. तिथे पांढरी रेघ मारली तर जागा वाढत नाही, फक्त प्रत्येकाला "ही माझी बाजू" म्हणून भांडायला कारण मिळतं. आणि बांध रुंद करा म्हणायचं तर एका बाजूला कांदळवन आहे, ते तोडायला कायद्याने बंदी आहे, आणि दुसऱ्या बाजूला कोणाचं तरी शेत. शिवाय तो बांध मुळात खारं पाणी अडवायला आहे. उधाणात खांड पडली, म्हणजे बांध फुटला, तर खाजण दोन-तीन वर्षं पिकत नाही. रस्ता म्हणून तो नंतर वापरात आला, आणि तोही चालणाऱ्यांच्या. मी सायकलवाला असूनही म्हणतो, तिथला पहिला हक्क त्यांचा.

याचा अर्थ चालणाऱ्यांनी काहीच करायचं नाही असा नाही. संध्याकाळी फिरायला येणारे चौघे हातात हात घालून सगळी रुंदी अडवतात, लहान पोरं मोकळी सोडतात, तेव्हा त्यांनाही सांगितलंच पाहिजे. फक्त ते भांडणाच्या तोंडावर सांगून उपयोग नाही. आमच्याकडे हे सहाणेवर, वाडीच्या बैठकीत बोललं गेलं. तासभर आवाज चढले, जुनी भाऊबंदकीची प्रकरणंही निघाली, पण शेवटी एवढं ठरलं: चालणारे खाडीच्या अंगाने, सायकल शेताच्या अंगाने, दोन सायकली समोरासमोर आल्या तर ज्याच्याकडे ओझं नाही त्याने उतरायचं, आणि उघाडीजवळ, म्हणजे पाणी सोडायच्या झडपेच्या दाराजवळ, जिथे बांध अरुंद होतो, तिथे सगळ्यांनी सायकल हातात धरायची. खाडीचं अंग चालणाऱ्यांना दिलं कारण बायका तिथूनच खाली उतरतात. हे दहा-बारा आणे पाळलं जातं. गणपतीत आणि मे महिन्यात पाहुणे आले की विस्कटतं, मग पुन्हा सांगावं लागतं.

कायद्याचं थोडक्यात. सायकल मोटार वाहन कायद्यात मोटार वाहन धरली जात नाही, त्यामुळे परवाना वगैरे नाही. पण सार्वजनिक वाटेवर कोणतंही वाहन बेदरकारपणे हाकून लोकांचा जीव धोक्यात घालणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २८१ खाली गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि त्यातून सायकल सुटत नाही. २५० वॅटपेक्षा कमी ताकदीची आणि ताशी २५ किलोमीटरच्या आत चालणारी विजेची सायकलही मोटार वाहनात मोडत नाही, म्हणून ती बांधावर येते. तिचा आवाज होत नाही आणि वजन जास्त, तेव्हा तिच्यावर असाल तर अजून हळू.

तुम्ही लिहिलंय की एका आजोबांनी तुम्हाला काठी दाखवली. त्यांच्याकडे एकदा सायकल घरी ठेवून जा आणि विचारा की त्यांना कधी कोणाचा धक्का लागलाय का. माझा अंदाज आहे, लागला असेल. मग टेप घेऊन तुमच्या बांधाची रुंदी तीन ठिकाणी मोजा, सगळ्यात अरुंद जागा कुठे आहे ते बघा, आणि पुढचे दोन महिने ज्या दिवशी वाद होईल त्या दिवशीची तिथी आणि वेळ कॅलेंडरवर लिहा. अर्ज करायचाच असेल तर तो कागद हातात घेऊन करा, आणि अर्जावर त्या आजोबांचीही सही घ्या.