ट्रेड शोला जाताय? आधी स्वतःचं गोडाऊन बघून या

यावेळी बरेच प्रश्न एकाच विषयावर आलेत, दुकानासाठी माल बघायला ट्रेड शोला जायचंय तर तयारी काय करायची. एकेक घेऊया.

प्रश्न: गिफ्ट आणि घरसजावटीच्या वस्तूंचं दुकान आहे. पहिल्यांदाच जातोय, बजेट किती ठेवू?

बँकेत किती पडलेत त्यावरून बजेट ठरवू नका, हे आधी सांगते. ते स्टॉकवरून ठरतं. ज्या महिन्यात माल दुकानात येणार तो महिना डोळ्यासमोर धरा. समजा (आकडे हजार रुपयांत धरा) त्या महिन्यात ५०० ची विक्री होईल असा अंदाज आहे, ५० डिस्काउंट देण्यात जातील आणि महिना संपताना ८०० चा माल शेल्फवर असायला हवा, म्हणजे झाले १३५०. यातून महिन्याच्या सुरुवातीला हातात असणारा ७०० चा स्टॉक वजा करा आणि आधीच ऑर्डर दिलेला, त्याच महिन्यात येऊन पडणारा २५० चा माल पण वजा करा (हा वाटेतला माल लोक हमखास विसरतात). उरले ४००. याला ओपन टू बाय म्हणतात, म्हणजे त्या महिन्यासाठी अजून किती माल घेता येईल तो आकडा. आता गंमत अशी की हे ४०० विक्रीच्या किमतीत आहेत, तुमचं मार्जिन ४० टक्के असेल तर खरेदीला हातात २४०च आहेत. आणि तेही सगळे शोमध्ये उडवायचे नाहीत, थोडे मागे ठेवा, कारण जे चांगलं खपेल ते परत मागवायला पैसे लागतातच.

हा हिशोब प्रत्येक कॅटेगरीचा वेगळा काढा. शिवाय निघायच्या आधी एकदा गोडाऊनमध्ये जाऊन जे पडून आहे त्याचे फोटो काढून मोबाईलमध्ये ठेवा. स्टॉलवरच्या लाईटमध्ये सगळंच भारी दिसतं, तेव्हा तसलाच मेणबत्ती स्टँड आपल्याकडे वर्षभर धूळ खातोय हे आठवायला तो फोटो लागतो.

प्रश्न: सप्लायर रेट सांगतात त्यात एक्स वर्क्स, एफओबी, सीआयएफ असं काय काय लिहिलेलं असतं. काय धरायचं?

परदेशी सप्लायर असेल तर ही अक्षरं रेटइतकीच महत्त्वाची. एक्स वर्क्स म्हणजे माल त्यांच्या दारात तुमच्या हवाली, पुढचं सगळं तुमच्या डोक्यावर. एफओबी म्हणजे ठरलेल्या बंदरात जहाजावर माल चढेपर्यंत त्यांचं, मग जहाजाचं भाडं, विमा, कस्टम ड्युटी तुमची. सीआयएफमध्ये भाडं आणि विमा ते भरतात, पण जोखीम मात्र माल जहाजावर चढला की तुमच्याकडे येते, वाटेत नुकसान झालं तर क्लेम तुम्हीच करत बसायचा, आणि तो विमा सहसा किमान कव्हरचाच असतो. डीडीपी म्हणजे ड्युटीसकट ठरलेल्या ठिकाणी पोच. हे नियम इंटरनॅशनल चेंबर ऑफ कॉमर्सचे आहेत, सध्याची आवृत्ती २०२० ची, आणि अक्षरांपुढे बंदराचं किंवा ठिकाणाचं नाव नसेल तर ते लिहून मागा.

म्हणजे दोन स्टॉलचे रेट नुसते शेजारी ठेवून बघू नका, दोन्ही आपल्या दुकानाच्या दारापर्यंत आणा आणि मग बघा. काचेचा किंवा मोठ्या आकाराचा हलका माल असला की इथेच सगळं गणित फिरतं, वस्तू स्वस्त आणि भाडं महाग.

अजून एक, मार्जिन आणि मार्कअप यात गल्लत नको. ६० ला पडलेली वस्तू १०० ला विकली तर मार्जिन ४० टक्के. पण "४० टक्के हवेत" म्हणून ६० वर ४० टक्के चढवले (हा मार्कअप) तर किंमत होते ८४ आणि मार्जिन जेमतेम साडेअठ्ठावीस टक्के.

प्रश्न: एवढे हॉल, एवढे स्टॉल, सगळं बघून कसं होणार?

होत नाही आणि करायचंही नाही. एक्झिबिटर लिस्ट आधी मिळते, त्यातले कामाचे निवडा, हॉलप्रमाणे लावा, महत्त्वाच्यांची अपॉइंटमेंट घ्या. तारखा पण नीट बघा, चीनमधल्या कँटन फेअरसारखा शो तीन टप्प्यांत होतो आणि प्रत्येक टप्प्यात माल वेगळा, चुकीच्या आठवड्यात गेलात तर तुमची कॅटेगरी तिथे नसेलच. नवीन शूज घालून जाऊ नका, बस.

प्रश्न: माझं दुकान लहान आहे, स्टॉलवर बोलायलाच संकोच वाटतो. नेमकं विचारायचं काय?

संकोच कसला, तेही विकायलाच बसलेत. सुरुवातीलाच सांगून टाका, एवढं दुकान आहे, एवढी ऑर्डर असते, चालेल का. चालत नसेल तर दोघांचाही वेळ वाचतो. मग एमओक्यू, म्हणजे कमीत कमी किती नग घ्यावे लागतील ते विचारा, पण नुसता आकडा घेऊन गप्प बसू नका. ३०० नग म्हणजे पूर्ण ऑर्डरचे, एका डिझाईनचे की एका रंगाचे? प्रत्येक रंगाचे असतील आणि चार रंग घेतले तर १२०० झाले की. "४५ दिवसांत डिलिव्हरी" म्हटले तर ते दिवस ॲडव्हान्स दिल्यापासून मोजायचे की सॅम्पल पास केल्यापासून, हेही विचारा. परत मागवताना एमओक्यू कमी होतो का, फुटका माल निघाला तर काय, टेस्ट रिपोर्ट आहे का (खेळणी आणि विजेच्या वस्तूंना तर हवाच), हेच डिझाईन माझ्या जवळपास अजून कोणाला देताय का.

वस्तू हातात घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका. बॅग असेल तर चेन भराभर दहा वेळा उघडबंद करा, आतून उलटी करा, पट्टा जिथे शिवलाय तिथे जरा ओढून बघा, तिथला दोरा सगळं सांगतो. फोटो काढताना पहिला फोटो स्टॉलच्या नंबरचा, मग वस्तूचा, मग आयटम कोड आणि रेटचा, हा क्रम मोडू नका, नाहीतर रात्री रूमवर शंभर फोटो आणि कुठली वस्तू कोणाची ते कळत नाही.

प्रश्न: "आज ऑर्डर दिली तर १० टक्के कमी" असं म्हणतात. घ्यावं का?

वस्तू आधीपासून तुमच्या खरेदीच्या लिस्टमध्ये असेल आणि ओपन टू बायमध्ये बसत असेल तर जरूर घ्या. नसेल तर नको, गोडाऊनमध्ये पडून राहिलेल्या मालाला १० टक्क्यांचं काय कौतुक. सरळ विचारायचं, ही ऑफर अजून आठवडाभर देता का. बरेच जण देतात. नाहीच दिली तर डिस्काउंटऐवजी पेमेंटला मुदत किंवा कमी एमओक्यू मागून बघा, लहान दुकानाला कित्येकदा तेच जास्त परवडतं.

प्रश्न: परत आल्यावर काय करायचं?

खरं तर त्याच रात्री सुरू करायचं, स्टॉलवर मिळालेल्या व्हिजिटिंग कार्डांच्या मागे दोन शब्द लिहून ठेवा, नाहीतर चेहरे आणि स्टॉल सगळा काला होतो. घरी आल्यावर पसंत केलेल्या सगळ्या मालाची बेरीज करा, ती बजेटच्या वर जातेच, मग कात्री लावा आणि ऑर्डर लेखी पाठवा: आयटम कोड, रंग, नग, रेट, डिलिव्हरीच्या अटी, माल निघायची तारीख आणि अमुक तारखेनंतर माल निघाला तर ऑर्डर रद्द करायचा हक्क. सीझनच्या मालाला ही शेवटची ओळ नसेल तर सीझन संपल्यावर आलेल्या पेट्याही उतरवून घ्याव्या लागतात. त्यांचं कन्फर्मेशन आलं की ॲडव्हान्स सोडायच्या आधी ते आपल्या ऑर्डरशी ओळन्‌ओळ ताडून बघा, रंगांचे कोड बदलून आलेले असतात.