उत्तर: चाळीस जण घेऊन नाणेघाट–जीवधन

तुमची पोस्ट वाचली आणि आमचाच ट्रेक डोळ्यांसमोर आला. तुमचा विचार असा: सोसायटीचे चाळीस जण, घाटघर गावात गाड्या, नाणेघाट ही जुन्नरजवळची प्राचीन घाटवाट बघून कल्याण दरवाज्याने शेजारचा जीवधन किल्ला चढायचा आणि जुन्नर दरवाज्याने परत घाटघर. बेत झकास आहे, दिशाही हीच ठेवा. पाणी, बूट यावर वर बाकीच्यांनी लिहिलंच आहे.

'मोठा ग्रुप आहे, आधी परवानगीचं पत्र घ्यावं का?' या प्रश्नावर मात्र बोलतो. आम्ही घ्यायला गेलो. एका कार्यालयाने दुसरीकडे धाडलं, तिथून परत पहिल्याकडे, आणि शेवटी "निघायच्या दिवशी सकाळी या, साहेब सही करतील." साहेब उगवले साडेदहाला. तो कागद दिवसभरात कुणी विचारलासुद्धा नाही! नियम बदलत असतात, तेव्हा माझ्यावर विसंबू नका, ताजी चौकशी करा. पण सही आदल्या दिवशी हातात पडत नसेल तर तारीख पुढे ढकला.

कारण जीवधनला उशीर परवडत नाही. कल्याण दरवाज्याकडच्या पायऱ्या इंग्रजांनी 1818 साली सुरुंग लावून उडवल्या. उरलेल्या कातळटप्प्यावर एका वेळी एकच माणूस. वरचा खोबणीत बोटं रुतवून पाय चाचपडतोय आणि खालचे त्याच्या बुटाच्या तळव्याकडे बघत उभे. माणशी तीन मिनिटं धरली तरी चाळीस जणांना दोन तास. त्यामुळे माझं मत, कुणाला पटो न पटो: वीसच्या वर न्यायचेच नाहीत. दोर आणि तो बांधता येणारा माणूस हवाच. पावसात ही बाजू नकोच, जुन्नर दरवाज्यानेच वरखाली करा.

इतिहास सांगायचा तो सकाळी, नाणेघाटाच्या लेण्यात. लोक जकात गोळा करायच्या दगडी रांजणापाशी फोटो काढून पळतात. आत सातवाहन राणी नागनिकेच्या ब्राह्मी लिपीतल्या लेखात यज्ञांच्या दक्षिणेचे आकडे कोरलेत, गायी किती, कार्षापण (त्या काळची नाणी) किती. भारतातल्या फार जुन्या अंकांपैकी हे. समोरच्या भिंतीवर सातवाहन घराण्याचे पुतळे होते, आता वर नावं आणि खाली पावलं तेवढी शिल्लक. मुलांना ती नावं वाचून दाखवा, एरवी कंटाळणारीही थांबतात. गडावरच्या धान्यकोठीत शिरताना विजेरी लागते, मोबाइलची पुरत नाही.

आणि घाटघरला जेवणाचं आदल्या दिवशीच सांगून ठेवा. आयत्या वेळी एवढ्या जणांच्या भाकऱ्या कोण थापणार?